मोठ्यांच्या हातातील पेन्सिल

चार वर्षांच्या मुलाच्या हाती कोळशाचा तुकडा लागला, की घरातील भिंत सुरक्षित राहत नाही. त्या भिंतीवर हत्ती उमटतो. त्याला पाच पाय असतात आणि त्याच्या पाठीवर बसलेला माणूस हत्तीपेक्षा मोठा असतो. तरी चित्रकार पूर्ण संतुष्ट असतो. घरातील प्रत्येकास हात धरून तो आपले चित्र पाहावयास घेऊन येतो. पुढे आठ वर्षे लोटतात. तोच मुलगा आता सातवीच्या वर्गात असतो. चित्रकलेच्या तासाला तो वहीवर हात आडवा धरून बसतो. शेजाऱ्याने चित्र पाहू नये एवढीच त्याची इच्छा असते. थोड्याच दिवसांत "मला चित्र येत नाही" हे वाक्य त्याच्या तोंडी बसते, आणि पुष्कळदा ते जन्मभर पुरते.

या आठ वर्षांत त्याचा हात काही बिघडलेला नसतो. उलट तो अधिक स्थिर झालेला असतो. पालटलेली असते ती नजर. हत्ती कसा असतो हे आता त्याला ठाऊक असते, आणि कागदावरचा हत्ती तसा उतरला नाही हेही त्याला दिसते. आपली चूक आपणांस दिसू लागणे ही प्रगतीचीच खूण होय. परंतु तसे त्याला सांगणारे कोणी नसते. ज्यांच्याकडे पाहून तो सारे काही शिकतो, त्या मोठ्या माणसांनी कित्येक वर्षांपूर्वीच पेन्सिल खाली ठेवलेली असते. घरात हिशेब लिहिले जातात, वाणसामानाच्या याद्या होतात. चित्र मात्र कोणी काढीत नाही. मग मूल असे समजते, की दुधाचे दात जसे पडतात, तशी चित्रेही एका वयात सुटावयाचीच.

ही समजूत किती चुकीची आहे, हे रवींद्रनाथ ठाकूर यांच्या चरित्रावरून कळून येते. रवींद्रनाथांचा जन्म १८६१ सालचा. त्यांच्या घरात चित्रकलेचा दुष्काळ नव्हता. अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ हे त्यांचे पुतणे थोर चित्रकार म्हणून प्रसिद्धीस आले. स्वतः रवींद्रनाथांनाही चित्रांची ओढ होती. पण कविता जशी त्यांच्या लेखणीतून वाहत असे, तशी रेघ पेन्सिलीतून उतरत नसे. १९०० साली, म्हणजे वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, आपले मित्र शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या चित्रकलेची मोठी गंमत केली आहे. ही चित्रे पॅरिसच्या प्रदर्शनासाठी नाहीत, आणि आपल्या हाती पेन्सिलीपेक्षा खोडरबरच अधिक चालतो, अशा आशयाचा मजकूर त्या पत्रात आहे.

पुढे कवितेच्या हस्तलिखितातील खाडाखोडीतून त्यांना वाट सापडली. एखादा शब्द किंवा ओळ खोडली, की ती विद्रूप रेघ तशीच सोडून देणे त्यांना आवडेना. ते ती वाढवीत, वळवीत, शेजारच्या खोडलेल्या शब्दास नेऊन जोडीत. होता होता तिची चोच होई, मान होई, कधी कोणी अनोळखी प्राणी पानावर येऊन बसे. १९२४ साली आजारपणामुळे ते दक्षिण अमेरिकेत ब्यूनॉस आयर्सजवळ विश्रांती घेत होते. तेथे 'पूरबी' या संग्रहाच्या कविता लिहिताना हा छंद विशेष वाढला. त्या वेळी त्यांचे वय त्रेसष्ट वर्षांचे होते. त्यांच्या यजमानीण व्हिक्टोरिया ओकांपो यांनी ती पाने पाहिली आणि त्यांतील चित्रकार ओळखला. १९२८ च्या सुमारास रवींद्रनाथ वेगळ्या कागदावर चित्रे काढू लागले. कुंचला हाताशी नसेल तर बोट चाले, चिंधी चाले. रंग म्हणून लेखणीची शाईही चाले. १९३० साली त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले, आणि ते भरले पॅरिस शहरातच! १९४१ साली त्यांचे निधन झाले, तोवर त्यांच्या हातून दोन हजारांहून अधिक चित्रे निर्माण झाली होती.

बालवाचकांना अधिक जवळची वाटेल अशी गोष्ट तर पुढेच आहे. १९३७ साली त्यांची 'खापछाडा' आणि 'से' ही दोन पुस्तके निघाली. पहिल्यात मौजेची, अद्भुत अशी पद्ये आहेत; दुसऱ्यात आजोबा आणि नात मिळून निव्वळ शब्दांतून एक माणूस घडवितात आणि त्याच्या गोष्टी रचतात. 'से' म्हणजे 'तो'. या दोन्ही पुस्तकांतील चित्रे रवींद्रनाथांनी स्वतः काढलेली आहेत. शांतिनिकेतनात त्यांनीच उभारलेले कलाभवन होते. तेथे नंदलाल बोस यांच्यासारखे निष्णात चित्रकार होते. 'सहज पाठ' या मुलांच्या पाठ्यपुस्तकाची चित्रे १९३० साली नंदलालांनीच काढली होती. तेव्हा दुसऱ्याकडून सुबक चित्रे करून घेणे रवींद्रनाथांस काहीच कठीण नव्हते. तरी नातीच्या गोष्टीत त्यांनी आपलीच वाकडीतिकडी रेघ पुढे केली.

कोणी म्हणेल, रवींद्रनाथ हे अलौकिक पुरुष. सामान्य घरातील आईबापांनी त्यांचे अनुकरण काय करावे? आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. परंतु ज्या ठिकाणी त्यांची प्रतिभा हात देत नव्हती, नेमक्या त्याच ठिकाणचे हे उदाहरण आहे. शिवाय जी आई "मला मेलीला कुठले चित्र!" म्हणते, ती सकाळी उंबऱ्यापुढे ठिपक्यांची रांगोळी चुकता काढीत असते. शिंपी खडूने कापडावर बाहीचा गोल आखतो. विहीर कोठे आणि बांध कोठे, हे शेतकरी काठीने मातीत रेखून दाखवितो. रेघ या सर्वांस येते. तिला चित्र म्हणण्याचा धीर तेवढा होत नाही.

संध्याकाळी दिव्याखाली एक तांब्या ठेवावा आणि वडील व मुलगी या दोघांनी तो समोरासमोर बसून काढावा. वडील बहुधा तांब्याचे तोंड वाटोळे गरगरीत काढतील; कारण ते वाटोळे असते हे त्यांना ठाऊक आहे. पण बसल्या जागेवरून ते तसे दिसत नाही. ते चपटे, लांबट दिसते, आणि डोळा जसजसा तांब्याच्या काठाच्या पातळीवर खाली यावा, तसतसे ते अधिकच चपटे होत अखेर नुसती रेघ होते. ठाऊक असलेले बाजूस ठेवून दिसते तेवढेच कागदावर उतरविणे, हीच वस्तुचित्रणातील पहिली कठीण पायरी. आणि ती चाळीस वर्षांच्या माणसास बारा वर्षांच्या मुलीइतकीच, कदाचित तिच्यापेक्षाही अधिक, कठीण जाते. या एका बाबतीत दोघे एकाच इयत्तेत बसतात. गणितात असे कधी घडत नाही.

मोठ्यांनी मात्र एक मोह टाळावा. मुलीच्या कागदावर आपली पेन्सिल चालवून तिचा तांब्या "नीट" करून देऊ नये. काही घरांत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांची चिंता एवढी वाढते, की श्रेणी मिळेपर्यंत मूल चित्र काढते आणि ती मिळाली की रंगांची पेटी माळ्यावर जाते. परीक्षा जरूर द्याव्यात, त्यांनी हाताला वळण लागते. पण ज्या घरात वडिलांच्याही वहीत पाचपन्नास फसलेले तांब्ये आहेत, तेथे ती पेटी इतक्या सहज माळ्यावर जात नाही.

पहिल्या दिवशी वडिलांचा तांब्या एका बाजूस कलंडेल. मुलगी हसेल. हसू द्यावे. मग ती आपला कागद त्यांच्या कागदाशेजारी ठेवील, दोन्हींकडे आणि तांब्याकडे आळीपाळीने पाहील, आणि काही न बोलता खोडरबर वडिलांच्या बाजूस सरकवील.