अंगठा आहे, नाव नाही

नेदरलँड्सला ऑनसाइट होतो तेव्हा टीममधल्या एकीने एक मराठी कागद वाचायला दिला. ती तान्हेपणी पुण्यातून दत्तक गेलेली. कागदावर आईचा अंगठा होता, नावावर काळी शाई. काय वाचणार, कप्पाळ!

आपल्या २०२२ च्या दत्तक नियमांनुसार १८ वर्षांवरच्या मुलाला आपलं मूळ शोधायचा अर्ज करता येतो, पण जन्मदात्यांच्या खाजगीपणाला धक्का न लावता. बरोबरच आहे. "कशाला त्या बाईचा संसार मोडायचा?" हेही पटतं. पण नाही म्हणायचंच तर तिने म्हणावं ना! कुणीतरी गुपचूप जाऊन तिला एकदा विचारा तरी. तिच्या वतीने परस्पर नकार देणारे आपण कोण?