सात पूर्णांक चार

ठाण्याला निदान मासुंदा तलावाची परंपरा तरी आहे. आम्हा डोंबिवलीकरांना परंपरा पिंपाची. नळाची वेळ बघून पाहुण्यांना बोलावणारी माणसे आम्ही. पण बिल्डरच्या चित्रात एक निळा चौकोन होता, आणि त्या चौकोनापायी आमची सोसायटी दर महिन्याला पैसे मोजते.

मे महिन्यात धाकटीचे डोळे लाल झाले. पाठोपाठ इमारतीतल्या सात-आठ पोरांचे. तलावाची देखभाल करणाऱ्या कंपनीचा माणूस आला, काठावर उभा राहून त्याने खोल श्वास घेतला आणि म्हणाला, "काका, क्लोरीनचा वास बघा कसा सुटलाय! पाणी एकदम क्लीन."

मी पडलो कॉमर्सचा. तिसऱ्या मजल्यावरच्या केमिस्ट्रीच्या बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "अहो, तो वास क्लोरामाइनचा. क्लोरीन घामाशी मिसळलं की येतो. आणि पोरं पाण्यात जे करतात, त्याच्याशीही." म्हणजे वास वाढला की समजावे, घाण वाढली! शिवाय पीएच चढला की क्लोरीनची धार जाते. साडेसातला निम्मे कामाचे, आठला जेमतेम पाव. (आंघोळ न करता थेट उडी मारणाऱ्यांबद्दल कंपनी बोलते ते मात्र खरे आहे. त्यात आमच्याही घरातले एक नाव आहे.)

मी नोंदवही मागवली. पीएच 7.4, क्लोरीन 2. रोज. तीन महिने, एकाच पेनाने. बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला पहिल्या झटक्यात जुळलेला हिशेब पाहून आनंद होत नाही, घाम फुटतो. एप्रिलात फरशा बदलायला तलाव चार दिवस कोरडा ठणठणीत होता. त्या चारही दिवशी पीएच 7.4!

एवढ्यात फिल्टर बसला. वॉरंटी पाच वर्षांची, पण कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात एक कलम: पाण्याचा समतोल न राखल्यास वॉरंटी रद्द. समतोल राखायचा कोणी? त्याच कंपनीने, वर्षाच्या करारावर! पाणी यांनी बिघडवायचे, आणि पाणी बिघडले म्हणून हातही यांनीच वर करायचे.

बारीक अक्षरांशी माझे वैर नाही. त्यांच्यावर माझे घर चालते. फुली मारलेल्या जागी मीही लोकांच्या सह्या घेतो. पण ठेव आमच्या हातून हरवली तर खातेदार जबाबदार, असे आमच्या बँकेलाही अजून सुचलेले नाही.

सेक्रेटरी म्हणाले, "जाऊ द्या हो, कुठे कोर्टकचेरी!" का जाऊ द्यायचे? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते, दोन वर्षांच्या आत. आणि खोटी नोंद ही त्रुटी नाही तर काय सजावट आहे? फिल्टर गेला तर पैशाने येतो. पोरांचे डोळे कुठल्या वॉरंटीत बसतात?

मी सभेत सुचवले: तपासणीची पेटी सोसायटीने स्वतःची घ्यावी, आणि वहीवर बँकेसारख्या दोन सह्या असाव्यात, करणाऱ्याची एक आणि तपासणाऱ्याची एक. ठराव एकमताने पास झाला. तपासणारा म्हणून माझे नावही एकमताने.

सोमवारी 8.14 च्या लोकलआधी मी काठावर उकिडवा बसलो. पीएच निघाला 8.2. तोच वहीत लिहिला.

कंपनीचा माणूस कळवळून म्हणाला, "काका, असं खरं लिहिलंत तर वॉरंटी जाईल ना!"