चढ रोख, उतार उधार

तीन महिने मी इमानेइतबारे ट्रेडमिलवर घाम गाळला. स्पीड ५, इनक्लाइन १०, वेळ अर्धा तास, आठवड्यातून चार दिवस. हिशेब करा. अर्ध्या तासात अडीच किलोमीटर, दर शंभर मीटरला दहा मीटर चढ, म्हणजे एका दिवसात जवळपास २५० मीटर आणि आठवड्याला हजार! पुणं सुमारे ५६० मीटर उंचीवर, सिंहगड सुमारे १३००. म्हणजे पुण्यापासून गडाच्या माथ्यापर्यंतची उंचीसुद्धा माझ्या आठवड्याच्या कोट्यात आरामात बसत होती. मी जाम खूश.

म्हणून मग एका रविवारी बाबांना घेऊन आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड. बाबा ६४ वर्षांचे, जिमचं तोंड कधी पाहिलेलं नाही. 'त्यांना सोबत हवी' असं मी घरी जाहीर करून निघाले होते. चढताना मी एकदम सॉलिड. दम नाही, थांबणं नाही, वर बाबांसाठी थांबण्याचा मोठेपणा. पिठलं-भाकरी झाली, दही झालं. उतरायला लागलो आणि थोड्याच वेळात माझ्या मांड्या लटपटायला लागल्या. गुडघा वाकला की सरळच होईना. एका वळणावर मुरमावरून पाय सटकला आणि मी मटकन खाली बसले. खालची बाजू फार लांब नव्हती, एवढंच सांगते.

बाबा दोन पावलं वर आले. "हात दे. घाई नाहीये आपल्याला." आणि सोबत न्यायच्या माणसाने मला पायथ्यापर्यंत धरून आणलं.

ऑफिसात किस्सा सांगितला तर लंच टेबलवरचा एक फिटनेस फ्रीक लगेच म्हणाला, "अगं, ट्रेडमिलवर पट्टाच पाय मागे नेतो. स्नायूंना काही कामच नसतं!" हे तुम्हीही ऐकलं असेल. बॉस, हे चूक आहे. पट्टा एकसारख्या वेगाने फिरत असेल तर पायांच्या दृष्टीने तो रस्ताच. वारा कापावा लागत नाही हा फरक, पण चालण्याच्या वेगाला तो नगण्य.

एकच पाऊल घेऊन बघा. टाच टेकते, तेव्हा नडगीच्या बाहेरच्या अंगाचा स्नायू चवडा हळूहळू खाली सोडतो. तो थकला की पट्ट्यावर 'थप थप' आवाज येतो, आणि नवख्याने एकदम स्पीड वाढवला की नडगी दुखते ती याचीच. मग मांडीच्या पुढचे चार स्नायू गुडघ्यावरचा धक्का झेलतात. खुब्याच्या बाजूचा स्नायू कंबर एका बाजूला कलू देत नाही. शेवटी पोटरी. शरीर पायावरून पुढे सरकतं तेव्हा टाचेमागची जाड दोरी, अकिलीस टेंडन, रबरासारखी ताणली जाते आणि पाय उचलताना सुटते. पुढे ढकलण्याचं बरंचसं काम या जोडगोळीचं. इनक्लाइन लावलं की पोटरी, मांडीची मागची बाजू आणि बसायची जागा या तिघांची ड्यूटी वाढते. (समोरचा दांडा धरून मागे झुकणाऱ्यांची सोडून. दहाचा चढ लावून दांड्याला लटकलात, तर शरीर पट्ट्याशी पुन्हा काटकोनात येतं आणि पायांना चढ जवळजवळ कळतच नाही. स्क्रीनवरच्या कॅलरीज मात्र चढाच्याच!)

म्हणजे माझे तीन महिने फुकट गेले नव्हते. गोची दुसरीच होती. ट्रेडमिलवर मी २५० मीटर चढायचे, स्टॉप दाबायचे आणि त्याच फरशीवर उतरायचे. तीन महिन्यांत मी बारा हजार मीटर चढले आणि एकही मीटर उतरले नाही. उताराची सोय असलेली मशीन्स असतात, आमच्या जिममध्ये नाही.

आणि उतरणं हे स्नायूंसाठी वेगळंच काम आहे. विहिरीतून बादली वर ओढताना दोर आपल्याकडे येतो. भरलेली बादली खाली सोडायची असेल तर दोर हातातून सरकत असतो, तरी मूठ घट्ट धरावी लागते. उतारावर मांडीचे ते चार स्नायू हेच करतात : आखडायला बघतात आणि त्याच वेळी लांबत जातात. ब्रेक लागतो, पण आतले बारीक तंतू दुखावतात.

गंमत म्हणजे हे दमछाक न होता घडतं. १९५२ साली लंडनमध्ये ॲबट, बिगलंड आणि रिची या तिघांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका चेनने जोडल्या. एकाने पुढे पेडल मारायचं, दुसऱ्याने तेच पेडल अडवायचं. जोर दोघांचा सारखाच, पण अडवणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी कमी लागला. म्हणूनच उतरताना आपण मस्त गप्पा मारत असतो आणि बिल नंतर येतं. माझं आलं मंगळवारी. खुर्चीत बसताना 'आई गं', उठताना 'आई गं', कमोडबद्दल तर बोलायलाच नको. लोक यासाठी लॅक्टिक ॲसिडला शिव्या घालतात, पण ते बिचारं तासा-दीड तासात निघून गेलेलं असतं.

मग बाबांना काहीच कसं झालं नाही? ते राहतात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दूध, पेपर, भाजी, संध्याकाळचा कट्टा. दिवसातून चार वेळा खाली, वर्षानुवर्षं. एकदा असा मार खाल्लेला स्नायू पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराला दाद देत नाही. बाबांच्या मांड्यांनी तर दाद देणं कधीच सोडलंय. माझ्या बिल्डिंगला दोन लिफ्ट, ऑफिसला चार.

जानेवारीत बाबांना राजगड करायचाय, गुंजवण्याकडून चोरदरवाज्याने. ती वाट उतरताना काय मागते ते मला माहीत आहे. त्यामुळे आता ऑफिसात लिफ्टने वर आणि सातव्या मजल्यावरून जिन्याने खाली. सगळे 'हेल्थ'साठी बरोबर उलटं करतात, त्यामुळे जिन्यात मी एकटीच उलट्या दिशेने. पहिल्या दिवशी वॉचमनकाकांनी विचारलं, "मॅडम, लिफ्ट बंद पडली का?" पहिल्या आठवड्यात चौथ्या मजल्यापासून कठडा धरावा लागायचा. काल दुसऱ्यापर्यंत हात लावला नाही.