कुपनवाल्यांच्या बाजूने

अमेरिकेतल्या मराठी घरांत किराणामालाच्या भावांवर बोलणं निघालं आणि कुणी कुपनांचा विषय काढला, की बहुधा एकच उत्तर येतं: ‘दोन-चार डॉलरांसाठी कोण एवढा उपद्व्याप करणार?’ या उत्तरामागे चार आक्षेप दडलेले असतात आणि ते चारही तपासून पाहिले पाहिजेत. माझं मत आधीच सांगतो. दुकानात सेल लागलेला असताना त्याच वस्तूवर कुपन लावणं ही जाणत्या गिऱ्हाइकाची रीत आहे. जो ती मोडीत काढतो, तो निष्कारण चढा भाव मोजतो.

आधी व्यवहार समजून घेऊ. सवलत येण्याच्या मुख्य वाटा तीन: दुकानाचा आठवड्याचा सेल, दुकानाचं स्वतःचं कुपन आणि वस्तू बनवणाऱ्या कंपनीचं कुपन. हे तिसरं पूर्वी रविवारच्या वर्तमानपत्रातून यायचं, आता बरंचसं फोनवर येतं. एका वस्तूवर कंपनीची दोन कुपनं सहसा चालत नाहीत, पण कंपनीचं एक आणि दुकानाचं एक अशी जोडी अनेक दुकानं स्वीकारतात. समजा, साडेचार डॉलरांचं सीरियलचं खोकं सेलमध्ये तीन डॉलरला लागलं. त्यावर दुकानाचं पन्नास सेंटांचं आणि कंपनीचं एक डॉलरचं कुपन लावलं, तर ते दीड डॉलरला पडतं, म्हणजे मूळ किमतीच्या एक तृतीयांशात. तेच कंपनीचं कुपन सेल नसताना खर्ची घातलं असतं, तर साडेतीन डॉलर गेले असते. कुपन तेच, पण वापरण्याची वेळ चुकली की निम्म्याहून अधिक फायदा हातचा जातो.

पहिला आक्षेप प्रतिष्ठेचा. ‘काउंटरवर कुपनं काढायची म्हणजे दुकानदाराला नाडायचं, आपलीही शोभा करून घ्यायची.’ हा गैरसमज आहे. कंपनीच्या कुपनाची रक्कम दुकानाला कंपनीकडून परत मिळते. शिवाय हाताळणीखर्च म्हणून दर कुपनामागे साधारण आठ सेंट मिळतात. सेलचा भाव तर दुकानानं स्वतःच जाहीर केलेला असतो. यात मेहेरबानी कोण कुणावर करतं? कुपनवाल्यांची हास्यास्पद प्रतिमा बरीचशी टीव्हीनं घडवली. २०११ च्या सुमारास ‘एक्स्ट्रीम कुपनिंग’ नावाचा कार्यक्रम गाजला. त्यात टूथपेस्ट आणि डबाबंद मालानं खच्चून भरलेली घरं दिसायची. ती हाव होती आणि तिचं समर्थन मी करत नाही. पण काही जणांच्या हावेमुळे काटकसर लाजिरवाणी ठरत नाही.

दुसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ‘कंपनी कधी स्वतःच्या तोट्याचं करते का? कुपन हे आमिष आहे.’ कंपनी फायद्यासाठीच कुपन काढते, हे निखालस खरं. अर्थशास्त्रीय भाषेत त्याची मांडणी चक्रवर्ती नरसिंहन यांनी १९८४ मध्ये केली: कुपन हे एकाच वस्तूचे दोन भाव लावण्याचं साधन आहे. ज्याला किमतीची फिकीर नाही तो छापील भाव देतो. ज्याला आहे तो थोडे कष्ट घेऊन कमी भाव मिळवतो. ही मांडणी मान्य केली, तर कुपन टाळल्यानं आपण सापळ्यातून सुटत नाही. उलट, कंपनीनं ज्याच्यासाठी चढा भाव ठेवला आहे, त्याच्या रांगेत आपण स्वतःहून जाऊन उभे राहतो.

‘मग कुपनं बंदच करा, सर्वांना एकच रास्त भाव लावा,’ असं काही जण सुचवतात. तोही प्रयोग होऊन गेला आहे. प्रॉक्टर अँड गॅम्बलनं १९९६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफलो, रॉचेस्टर, सिरॅक्यूज या भागात कुपनं देणं थांबवलं. कुपनांवरचा खर्च वाया जातो, त्यापेक्षा मूळ भाव कमी ठेवू, अशी कंपनीची भूमिका होती. लोकांना ती पटली नाही. निषेध झाला आणि १९९७ मध्ये प्रयोग गुंडाळावा लागला. कुपनं बंद करण्यासाठी कंपन्यांनी संगनमत केल्याचा आरोप राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनं केला. आरोप मान्य न करता ४२ लाख डॉलरांची तडजोड झाली. एकच रास्त भाव देण्याच्या आश्वासनावर गिऱ्हाइकानं हातातली सवलत का सोडावी, याचं उत्तर कंपन्यांना तेव्हा देता आलं नाही.

तिसरा आक्षेप खास आपल्या स्वयंपाकघरातला. ‘कुपनं असतात डबाबंद खाण्यावर, आपल्या डाळ-तांदळाला, मेथी-कोथिंबिरीला त्यांचा काय उपयोग?’ त्या मालावर कुपनं क्वचितच मिळतात, हे खरं. पण महिन्याचं बिल उघडून पाहा. साबण, डिटर्जंट, टूथपेस्ट, कॉफी, दही, चीज आणि घरात तान्हं मूल असेल तर डायपर, हे सारं त्यात असतंच. तिथं वाचलेला पैसा ताज्या भाजीकडे आणि फळांकडे वळवता येतो. कुपनावर मिळतं म्हणून चिप्स घरात आणणं हा मात्र खरेदीचा दोष, त्याचं खापर कुपनावर फोडू नये.

चौथा आक्षेप वेळेचा. कुपनांच्या मागे दिवसभर लागलं तर वेळ जाणारच. पण सेलना ठरावीक लय असते. नेहमीच्या बऱ्याच वस्तू काही आठवड्यांनी पुन्हा उतरतात. चार जुलैच्या आधी बार्बेक्यूचं सामान उतरतं, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास मैदा, साखर, लोणी. कुपन हाती आलं की लगेच धावायचं नाही. मुदत पाहून सेलची वाट पाहायची आणि तेव्हाच घ्यायचं. उन्हाळ्यात भाव उतरला की वर्षाचे गहू भरून ठेवणाऱ्या आपल्या आज्यांनी याहून वेगळं काय केलं?

म्हणून माझं मंडन तीन अटींसह आहे. आधी यादी, मग कुपन. यादीत नसलेली वस्तू कितीही स्वस्त असली तरी महागच. दुसरी अट, फळीवरच्या चिठ्ठीतला दर औंसाचा भाव वाचायचा. दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचा माल विनाकुपनही स्वस्त पडत असेल तर कुपन खुशाल फेकून द्यायचं. तिसरी, साठा पुढच्या सेलपर्यंत पुरेल एवढाच.

आणि एक मागणी. आता कित्येक सवलती फक्त अ‍ॅपवर मिळतात. स्मार्टफोन न वापरणारे वृद्ध, इंग्रजी अ‍ॅपशी झगडणारे आपले आईवडील, त्याच फळीवरच्या वस्तूला जास्त पैसे देऊन येतात. कष्ट घेणाऱ्याला कमी भाव, हे एक वेळ समजू शकतं. फोन नाही म्हणून जास्त भाव, हा उघड अन्याय आहे. सॅन डिएगो शहरानं २०२५ मध्ये डिजिटल सवलतीला कागदी पर्याय देण्याचं बंधन दुकानांवर घातलं. हा नियम सर्वत्र व्हावा, आणि त्यासाठी कुपन वापरणाऱ्यांनीच आवाज उठवावा.

जाहीर झालेली सवलत योग्य वेळी, नियमांत राहून घेणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. घरखर्चातून वाचलेला प्रत्येक डॉलर कष्टानंच मिळवलेला असतो. तो छापील भावात घालवण्यात कसलाही मोठेपणा नाही.