करंगळी वर!

वर्गात तुम्ही तोंडानं न बोलताही मला एक गोष्ट बरोबर कळते. करंगळी वर आली, की मी मान हलवते आणि पोरगं पळत सुटतं. पहिलीतली नवी मुलं मात्र मोठ्यानं विचारतात, "मॅडम, एकीले जाऊ?" मग सगळा वर्ग खुदुखुदु हसतो. तीच मुलं चौथीत पोचेपर्यंत लाजायला लागतात. "आज मला लघवीच झाली नाही," असं तर घरीसुद्धा कुणी सांगत नाही. आज या न सांगण्याबद्दलच बोलू.

नागपूरच्या उत्तरेला मध्य प्रदेशातला छिंदवाडा जिल्हा आहे. तिथल्या परासिया भागातले लोक मोठ्या दवाखान्यासाठी नागपूर गाठतात, आपण यवतमाळहून जातो तसेच. 2025 च्या सप्टेंबरमध्ये तिथून लहान लहान मुलांना नागपूरला आणलं जाऊ लागलं. बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आतली. सुरुवात अगदी साधी, सर्दी-खोकला आणि ताप. मग खोकल्याचं गोड औषध. काही दिवसांनी उलट्या सुरू झाल्या, लघवी कमी झाली आणि शेवटी थांबलीच. वीसहून जास्त मुलं दगावली.

लघवी का थांबली? आपल्या पाठीत कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांपाशी, एकेक मूत्रपिंड असतं. ज्याचं त्याच्या मुठीएवढं. मूठ वळून बघा. एवढ्याशा जागेत सुमारे 10 लाख बारीक गाळण्या! मोठ्या माणसाची दोन मूत्रपिंडं मिळून दिवसाला साधारण 180 लिटर पाणी गाळतात. म्हणजे शेतातल्या 15 लिटरच्या फवारणी पंपाचे 12 पंप. त्यातलं जवळजवळ सगळं पाणी गाळण्यांना जोडलेल्या नळ्या रक्तात परत पाठवतात आणि घाण तेवढी दीड-दोन लिटर लघवीतून बाहेर टाकतात.

त्या मुलांच्या शरीरात याच नळ्या मेल्या. कोल्ड्रिफ नावाच्या त्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. औषध तमिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यात बनलेलं होतं. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेनं तपासलं तेव्हा विषाचं प्रमाण 48 टक्क्यांहून जास्त भरलं. चालतं किती? 0.1 टक्का. म्हणजे जवळपास अर्धी बाटली विषच.

हे विष कारखान्यांत वापरतात, गाड्यांच्या ब्रेक ऑइलमध्येही असतं. दिसायला पाण्यासारखं स्वच्छ, चवीला गोड. खोकल्याचं औषध पातळ करायला जे ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल लागतं, त्याच्यासारखंच दिसतं आणि स्वस्त पडतं. म्हणून प्रत्येक पिंप वापरण्याआधी तपासायचं असतं. जिभेला यातलं काहीच कळत नाही. उलट गोड लागतं म्हणून मूल आणखी मागतं.

राग येतो तो याचा, की हे पहिल्यांदा घडलेलं नाही. 1937 साली अमेरिकेत याच विषानं शंभरावर माणसं गेली, त्यात कितीतरी मुलं होती. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीचं ग्लिसरीन दिल्यामुळे 14 रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. 2022 मध्ये आफ्रिकेतल्या गांबिया देशात साठहून जास्त मुलं गेली, तीही भारतात बनलेली औषधं पिऊन. पिंप तपासणं ही मोठ्यांची जबाबदारी, तुमची नव्हे.

वर्गात मी विचारलं, घरी खोकल्याची बाटली कोणाकोणाकडे आहे? निम्मे हात वर. "आजी झाकणानं देते." "दादाची उरली होती, तीच मला दिली." एकानं तर गोड लागते म्हणून दोन घोट चोरून घेतल्याचं कबूल केलं!

पालकांनो, हा भाग तुमच्यासाठी. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं ऑक्टोबर 2025 मध्ये कळवलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखालीही साधारणपणे देऊ नयेत. लहान मुलांचा साधा खोकला बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. मोठ्या भावाची उरलेली बाटली धाकट्याला तर मुळीच नको. औषध घेतल्यावर मूल मलूल झालं, उलट्या होऊ लागल्या किंवा लघवी कमी झाली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. बाटली फेकू नका, सोबत न्या. तिच्यावरचा बॅच नंबर डॉक्टरांना लागतो.

आणि मुलांनो, तुमच्याकडे एक काम. घरात धाकटा भाऊ किंवा बहीण आजारी असेल, तर त्यानं सू कधी केली याकडे लक्ष ठेवायचं. मोठी माणसं ताप मोजतात, हे मोजायचं विसरतात. (मुलींनो, तुम्ही शाळेत एकीला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यावर एकदा वेगळं लिहिणार आहे.)

परवा तिसरीतली एक मुलगी प्रार्थनेच्या आधीच माझ्याकडे आली. धाकट्याला ताप होता. "मॅडम, त्यानं रात्री एकदा केली अन् सकाळी दोनदा," ती म्हणाली. मोठ्यानं, सगळ्यांसमोर. कुणीही हसलं नाही.