पळसाचे फोटो काढायला जंगलात जाताय? आधी हे वाचा

कॉलेजात नुकतीच ओळख झालेली चार-पाच मुलं, दोन-तीन दुचाकी, एक बरा कॅमेरा आणि मोकळा रविवार. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेहून अशी सहल निघाली, तर बोर व्याघ्र प्रकल्प साधारण तासाभरावर आहे. प्रश्न एवढाच, की तिथे पाहिजे तिथे गाडी लावून फुलांचे फोटो काढता येतात का?

वसंतात इथे काय फुलतं?

रानफुलं म्हटलं की कास पठार आठवतं. पण कासचा बहर ऑगस्ट-सप्टेंबरचा, पावसाच्या ओलीवरचा. विदर्भात फेब्रुवारी-मार्चमध्ये जमीन कोरडी पडलेली असते आणि रंग झाडांवर चढतो. पळस, काटेसावर, पांगारा. पानं गळून गेल्यामुळे फुलं लांबूनही दिसतात. पळसाच्या फुलाला वास जवळपास नसतो. त्याची भिस्त रंगावर आणि मधावर. म्हणूनच सकाळी तिथे सूर्यपक्षी, मैना आणि खारी हमखास सापडतात.

कायदा काय म्हणतो?

बोर १९७० मध्ये अभयारण्य झालं आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. अभयारण्यात शिरायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार परवाना लागतो. कलम २८ मध्ये फोटोग्राफीसाठी तो देण्याची तरतूद आहे. म्हणजे फोटो काढायला बंदी नाही, विनापरवाना घुसायला आहे. या कायद्यात वन्यजीवाच्या व्याख्येत वनस्पतीही येतात. त्यामुळे रीलसाठी फांदी मोडणं हा कलम २९ चा विषय होतो. आग लावायला कलम ३० ची मनाई आहे.

खरी काळजी आगीचीच. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो, आणि फुलांचा बहरही नेमका त्यातच येतो. खाली वाळलेल्या पानांचा थर असतो. विडी-सिगारेटचं एक थोटूक पुरतं. दोष मात्र बहुतेक वेळा मोहफुलं वेचणाऱ्यांच्या माथी मारला जातो. झाडाखालचा पाचोळा जाळण्याची पद्धत आहे हे खरं, पण मोहफुलं हे त्या घरांचं उन्हाळ्यातलं उत्पन्न आहे. पहाटे वाघाच्या भीतीत ती माणसं वेचायला जातात. हौसेने आलेल्यांनी त्यांच्याकडे बोट दाखवणं मला पटत नाही. झाडाखाली जाळी अंथरली, तर पाचोळा जाळण्याची गरजच उरत नाही.

गर्दीनं काय होतं, हे कॅलिफोर्नियात दिसलं. लेक एल्सिनोर इथल्या टेकड्यांवर २०१९ मध्ये पॉपीच्या फुलांसाठी लोंढे आले, फुलं तुडवली गेली. २०२३ मध्ये बहर आला तेव्हा वॉकर कॅन्यनची वाट पर्यटकांसाठी सरळ बंदच ठेवण्यात आली.

मग जायचं कुठे?

सफारीचं रीतसर बुकिंग करून बोरला. किंवा त्याहून सोपं, रस्त्याकडेचा आणि शेताच्या बांधावरचा पळस. बांधावर चढण्याआधी शेतकऱ्याला विचारा. त्या दिवसांत गहू-हरभरा काढणीला आलेला असतो.