कागदी घोडे आणि मेणाची वाळू

घोड्यांच्या शर्यतीसाठी वाळूत मेण कालवतात, हे माहीत होतं का मंडळी? गंमत नाही. ब्रिटनमध्ये आज सहा रेसकोर्सांवर असे ट्रॅक आहेत: लिंगफील्ड, केम्प्टन, वुल्व्हरहॅम्प्टन, साउथवेल, न्यूकॅसल आणि चेम्सफर्ड. वाळू, कृत्रिम धागे, कुठे रबराचे तुकडे आणि या सगळ्यावर मेणाचा लेप. पाऊस पडला तर पाणी खाली झिरपून जातं, चिखल होत नाही. याला म्हणायचं ऑल-वेदर ट्रॅक. पॉलिट्रॅक आणि टॅपेटा ही त्यातली सध्याची दोन मोठी नावं.

आपल्याकडे शर्यती गवतावर होतात. पुण्याचा हंगाम तर ऐन पावसाळ्यातला. सकाळी जमीन किती मऊ आहे ते पेनिट्रोमीटरने मोजतात, आकडा जाहीर करतात, आणि दुपारी एक सर आली की त्या आकड्याचं लोणचं घालायचं. कुठल्या घोड्याला ओली जमीन मानवते आणि कुठल्याला नाही, यावरच रेसकोर्सवरचे निम्मे वाद चालतात. डेटाचं काम करणाऱ्या माणसाला हे सगळं म्हणजे नुसता गोंगाट. त्याउलट ऑल-वेदरवर जमिनीचं वर्णन बहुतेक दिवशी एकच: 'स्टँडर्ड'. तोच ट्रॅक, तीच अंतरं, आणि हिवाळाभर पुन्हा पुन्हा धावणारे तेच घोडे. आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्ट एन्व्हायर्नमेंट कायम सेम. अजून काय पाहिजे?

हाच प्रश्न माझ्या एका मित्राला पडला. आधी आम्ही एकाच टीममध्ये होतो, आता तो दोन वर्षं बर्मिंगहॅमला ऑनसाइट आहे. तिथून वुल्व्हरहॅम्प्टन ट्रेनने अगदी जवळ. एकदा थंडीत, फ्लडलाइटखाली शर्यती बघून आला आणि त्याच वीकेंडला पायथॉन उघडून बसला. वेळा, वजनं, जॉकी, ट्रेनर, सुरुवातीच्या फाटकाचा नंबर, सगळं मॉडेलमध्ये घातलं. जुन्या शर्यतींवर बॅकटेस्ट केली तर आलेख डावीकडून उजवीकडे मस्त चढत गेलेला. मागच्या महिन्यात फोनवर म्हणाला, "अरे, इथे व्हेरिएबल्स कमी आहेत. हे सॉल्व्ह होण्यासारखं आहे. वर्षभर बिनपगारी रजा टाकतो आणि फुल टाइम हेच करतो."

घोडं पेंड खातं ते इथेच.

व्हेरिएबल्स कमी आहेत, मान्य. पण ते एकट्या माझ्या मित्रासाठी कमी झालेले नाहीत, सगळ्यांसाठीच झालेत. गवतावर पहाटे कोर्स पायी चालून आलेल्या म्हाताऱ्याला कदाचित असं काही कळतं, जे लंडनमध्ये स्क्रीनसमोर बसलेल्या माणसाला कळत नाही. ऑल-वेदरवर तीही सोय गेली. वळणावर आतल्या बाजूला असलेल्या घोड्याला कमी अंतर पळावं लागतं, पुढच्याच्या टापांनी उडालेली वाळू तोंडावर आली की काही घोडे कच खातात, अमुक ट्रेनर हिवाळ्यात फॉर्मात असतो... या गोष्टी ज्या फाईलमध्ये तुम्हाला दिसल्या, त्याच फाईलमधून त्या बाकीच्यांनाही दिसल्या आहेत. आणि २००० साली बेटफेअरसारखं एक्स्चेंज आल्यापासून माणसं एकमेकांविरुद्धच पैसे लावू शकतात, त्यामुळे ज्याला थोडं जास्त कळतं त्याचे पैसे भावाला लगेच हलवून जातात. शर्यत सुटायच्या क्षणी जो भाव असतो, त्यात ही सगळी अक्कल आधीच मुरलेली असते. डेटा जितका स्वच्छ, तितकी तुमच्यासाठी उरलेली साय कमी. माझ्या मते ऑल-वेदरबद्दल एवढी एक गोष्ट समजली तरी पुरे.

दुसरं म्हणजे हे ट्रॅक बांधले कशासाठी, ते बघा. ब्रिटनच्या हिवाळ्यात जमीन गोठते, बर्फ पडतो, शर्यती रद्द होतात. शर्यत रद्द म्हणजे बेटिंग शॉपची दुपार भाकड. म्हणून १९८९ च्या शरद ऋतूत लिंगफील्डला आणि पाठोपाठ साउथवेलला ऑल-वेदर शर्यती सुरू झाल्या. १९९३ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला फ्लडलाइट आले आणि संध्याकाळही भरून निघाली. तिथे बुकमेकरांच्या नफ्यातला काही हिस्सा कायद्यानेच शर्यतींकडे जातो, त्यासाठी १९६१ पासून लेव्ही बोर्ड आहे. शिवाय बेटिंग शॉपमध्ये दिसणाऱ्या थेट चित्रणाचे पैसे रेसकोर्सला मिळतात ते वेगळेच. थोडक्यात, मंगळवारी संध्याकाळी साउथवेलला धावणारा घोडा हा अपटाइमची हमी आहे. सर्व्हर डाउन जाता कामा नये, बस्स. आणि त्या सर्व्हरचा खर्च कोण भरतं? ज्याचा आलेख बॅकटेस्टमध्ये चढतो, तोही त्यातलाच एक.

त्यातून या शर्यतींचा मोठा भाग हँडिकॅपचा. म्हणजे हँडिकॅपर प्रत्येक घोड्याला रेटिंग देतो आणि चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन चढवतो. सगळे घोडे एकदमच रेषेवर यावेत, हे त्याचं स्वप्न. एक तज्ज्ञ माणूस तुमच्या मॉडेलला जे कळू शकेल ते आधीच पुसून टाकायचा पगार घेतो! जे उरतं त्यालाच तुम्ही सिग्नल म्हणता.

आता थोडं गणित, तेही तोंडी. दहा घोडे आहेत आणि दहाही अगदी सारखे आहेत असं धरू. मग रास्त भाव एकास नऊ, म्हणजे शंभर लावले तर जिंकल्यावर हजार हातात. बुकमेकर देणार समजा एकास साडेसात. तुम्ही दहाही घोड्यांवर शंभर-शंभर लावलेत तर हजार गेले आणि साडेआठशे परत आले. काहीही चूक न करता पंधरा टक्के साफ. म्हणजे नुसतं बरोबरीत यायलासुद्धा तुम्हाला बाजारापेक्षा बऱ्यापैकी जास्त कळायला हवं. एक्स्चेंजवर ही कात्री लहान असते, पण तिथे कमिशन असतं आणि समोर तुमच्यासारखेच पायथॉनवाले बसलेले असतात. आणि समजा तुम्ही खरंच जिंकायला लागलात, तर ब्रिटनमधले बुकमेकर जिंकणाऱ्या गिऱ्हाइकाचं खातं आक्रसून टाकतात, हे तिथे जगजाहीर आहे. हरणाऱ्याचं खातं मात्र कायम मोकळं.

बरं, एन्व्हायर्नमेंट कायम सेम असतं, हे तरी खरं आहे का? साउथवेलला १९८९ पासून फायबरसँड होती. जड, संथ, वेगळ्याच स्वभावाची. काही घोडे फक्त तिथेच चमकायचे. डिसेंबर २०२१ मध्ये तिथे टॅपेटा आला आणि बत्तीस वर्षांचा डेटा एका झटक्यात इतिहास विषयात जमा झाला. वुल्व्हरहॅम्प्टनने तर २००४ मध्ये पॉलिट्रॅक आणि २०१४ मध्ये टॅपेटा, असे दोनदा कपडे बदलले. तिकडे कॅलिफोर्नियात मोठ्या रेसकोर्सना कृत्रिम ट्रॅक सक्तीचे झाले होते. मेण उन्हाने मऊ होतं, त्यामुळे डेल मारला सकाळचा ट्रॅक आणि दुपारचा ट्रॅक वेगळे पळायचे. सांता अनिताला जानेवारी २००८ मध्ये पाण्याचा निचराच होईना म्हणून ऑल-वेदर ट्रॅकवरचे शर्यतींचे दिवस चक्क पावसामुळे रद्द झाले! पुढे २०१० आणि २०१५ मध्ये या दोघांनी पुन्हा मातीचा ट्रॅक घातला. (घोड्यांच्या बाजूने बघितलं तर मला हे आवडलेलं नाही. अमेरिकेतल्या नोंदींत कृत्रिम ट्रॅकवर जिवावर बेतणाऱ्या दुखापती मातीपेक्षा कमी दिसतात. माझं भांडण ट्रॅकशी नाहीच.)

इथे मित्र हमखास बिल बेंटरचं नाव काढतो. काढायलाच हवं. १९८० च्या दशकात हा माणूस हाँगकाँगला गेला, मॉडेल बनवलं आणि अफाट पैसा कमावला. १९९४ मध्ये त्याने त्यावर शोधनिबंधही लिहिला. पण तो निबंध नीट वाचला तर काय दिसतं? स्वतःचं मॉडेल एकटं पुरेसं नव्हतं. लोकांनी लावलेल्या पैशातून तयार झालेला भाव त्याने मॉडेलमध्ये मिसळला, तेव्हा कुठे जमलं. म्हणजे त्याने बाजाराला मूर्ख मानलं नाही, त्याचीच शिकवणी लावली. शिवाय हाँगकाँगमध्ये सगळे पैसे एका सामायिक पूलमध्ये जातात, कोण जिंकतो याने क्लबला फरक पडत नाही, आणि तो पूल प्रचंड मोठा. आणि गंमत म्हणजे तिथल्या बहुतेक शर्यती गवतावर होतात. सगळ्यात गाजलेलं मॉडेल गोंगाटातच चाललं की!

आपल्याकडे पण असे लोक भेटतात जे १९९६ च्या निकालाचा दाखला देतात. सुप्रीम कोर्टाने तेव्हा घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला होता. ठीक आहे, कौशल्य आहेच. जॉकीचं आहे, ट्रेनरचं आहे, हँडिकॅपरचं आहे. पण खेळात कौशल्य असणं आणि तुमच्या कौशल्याला त्यात पैसे मिळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यात सप्टेंबर २०२५ पासून भारतात शर्यतीवरच्या बेटिंगला ४० टक्के जीएसटी, तोही तुमच्या नफ्यावर नव्हे, लावलेल्या रकमेवर. मघाचं तोंडी गणित यापुढे अगदीच गरीब वाटतं.

असो. मित्राला 'जुगार वाईट' वगैरे ऐकवण्यात अर्थ नव्हता, ते काम त्याची आई करतेच. मी एवढंच म्हटलं की बॅकटेस्ट मला दाखवू नकोस, ते कागदी घोडे. आधी दोनेकशे शर्यती एक पैसाही न लावता बघ. प्रत्येक शर्यत सुटण्याआधी तुझ्या मॉडेलने काढलेली शक्यता एका कॉलममध्ये लिही, शेवटच्या भावातून निघणारी शक्यता दुसऱ्यात, आणि निकालानंतर दोघांची चूक मोज. ऑफिसात दुसऱ्याचं मॉडेल रिव्ह्यू करताना आपण हेच तर मागतो.

करतोय बिचारा, प्रामाणिकपणे. काल साठावी शर्यत झाली. बाजाराचा कॉलम पुढे आहे, आणि रजेचा अर्ज अजून ड्राफ्टमध्येच पडून आहे.